बाबा, मी कॉलेज सोडत नाहीये

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हे नीट बोलता येत नाही, बाबा लगेच फोन आईकडे देतात, म्हणून लिहितेय. परवा तुम्ही म्हणालात की पुण्यातली अ‍ॅनालिटिक्सची चांगली नोकरी सोडून तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवत कशाला राबतेस, आणि मग हळूच म्हणालात, मी तरी 36 वर्षं काय केलं, पोर्शन संपवला. बाबा, ते वाक्य डोक्यातून जातच नाहीये.

पैशाचं तुमचं बरोबर आहे. यंदा चार महिन्यांचं मानधन एकदम दिवाळीनंतर आलं, मे महिन्यात तर तासच नाहीत म्हणून पैसेही नाहीत, त्याचा मला राग आहे आणि तो राहणार.

पण मागच्या आठवड्यातलं ऐका. मी मुलांना सांगितलं होतं की पुस्तकातली गणितं नकोत, स्वतःचा डेटा आणा. एक मुलगी रोज एसटीने येते, तिने नऊ दिवस गाडी किती मिनिटं लेट ते लिहून आणलं: 5, 8, 10, 10, 12, 15, 10, 5 आणि एक दिवस गाडी बंद पडली म्हणून 105. सरासरी आली 20 आणि मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधला आकडा, 10. ती म्हणाली, मॅडम 20 मिनिटं लेट तर ती एकदाही आली नाही! सगळा वर्ग गप्प आणि मग एकदम गलका, कुठला आकडा खरा यावर पोरं अक्षरशः भांडली. मग विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते, काढताना तिनेच विचारलं की नऊ आकडे आहेत तर आठनेच का भागायचं, आणि माझ्या तोंडून तुमच्या वाट्या निघाल्या. आई, तुला आठवतंय ना, पंगतीत तू पाच वेगवेगळ्या वाट्या मांडायचीस, चौघांनी आपापली उचलली की पाचव्याला निवड उरायचीच नाही, आणि बाबा म्हणायचे, सरासरी एकदा ठरली की शेवटचा आकडा असाच अडकतो, मोकळे उरतात एक कमी. मी हे सांगितलं आणि त्या मुलीने तेच मागच्या बाकावरच्यांना हॉस्टेलच्या मेसमधल्या ताटांवरून समजावलं, माझ्यापेक्षा चांगलं.

बाबा, तुम्ही हुजूरबाजार सरांबद्दल किती भरभरून बोलायचात, केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज या मोठ्या शास्त्रज्ञाकडे पीएचडी करून आले आणि 1953 साली पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा केला. तिथून एमएस्सी करून तुमच्या बॅचचे बरेच जण बँकेत नाहीतर सरकारी खात्यात गेले आणि तुम्ही तालुक्याच्या गावात आलात, जिथे स्टॅटला तेव्हा अकरा पोरं होती. सुट्टीत कॉलेजचं हिशेबाचं फॅसिट मशीन घरी आणून तुम्ही हँडल फिरवायचात आणि आई ज्वारीच्या उताऱ्याचे आकडे वाचून दाखवायची, चुकलं की परत पहिल्यापासून. आता कॉम्प्युटरवर आर या सॉफ्टवेअरमध्ये तेच एका ओळीत होतं, पण मी पोरांना पहिल्यांदा हातानेच करायला लावते, कारण आकड्याशी झटापट केल्याशिवाय त्यांना उत्तराचा संशय येत नाही. हे मी कंपनीत शिकले नाही, तिथे डॅशबोर्डवर सरासरी दिसली की मीटिंग संपायची.

गॉसेटची गोष्टही सांगितली त्यांना, डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीतला संख्याशास्त्रज्ञ, कंपनी स्वतःच्या नावाने छापू देईना म्हणून 1908 साली 'स्टुडंट' या नावाने पेपर लिहिला. बाकावरची सगळी पोरं हे टोपणनाव ऐकून खूश झाली, मी सातवीत झाले होते तशीच.

तर 29 जूनला आपले थोर संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांचा जन्मदिवस, आमच्याकडे सांख्यिकी दिन करायचाय. बाबा, तुम्ही अर्धा तास बोलायचं, गुडघ्यांमुळे खुर्चीवर बसूनच. आणि आई, तू पण बोलायचं, ज्वारीचे आकडे कसे वाचायचीस ते, मी पोरांना आधीच सांगून ठेवलंय. तुमचं फिशर-येट्सचं संख्याशास्त्रीय टेबलांचं पुस्तक माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत आहे, तेवढं काढून ठेवा, चढू मात्र नका, शेजारच्या कुणाला तरी सांगा. तिकिटं मी काढते, खालचे बर्थ मिळतील असं बघते.

तुमची,
ताई