ऑलिम्पिक हॉकीचा संघ सोळाचाच का?

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

एखाद्या मोठ्या स्पर्धेसाठी भारताचा पुरुष हॉकी संघ जाहीर झाला की वृत्तपत्रांच्या क्रीडा पानावर नावांची एक चौकट येते. आधी गोलरक्षक, मग बचावपटू, मध्यरक्षक, आघाडीपटू आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत ‘राखीव’ म्हणून दोन-तीन नावे. त्यानंतरचे दोन दिवस कोणाला घेतले आणि कोणाला डावलले यावर वाद होतात. मात्र ही चौकट विश्वचषकाच्या वेळी अठरा नावांची असते आणि ऑलिम्पिकच्या वेळी सोळाच नावांची, या फरकाविषयी आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही. माझ्या मते ऑलिम्पिकमध्येही अठरा खेळाडूंना परवानगी असली पाहिजे आणि हॉकी इंडियाने ही मागणी आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाकडे लावून धरली पाहिजे.

दोन्ही स्पर्धांचे वेळापत्रक शेजारी ठेवले तर या नियमातील विसंगती लगेच दिसते. जानेवारी २०२३ मध्ये भुवनेश्वर आणि राउरकेला येथे झालेला विश्वचषक जर्मनीने जिंकला, तेव्हा त्या संघाला १४ ते २९ जानेवारी या सोळा दिवसांत सात सामने खेळावे लागले आणि त्यासाठी त्यांच्याकडे अठरा खेळाडू होते. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदकापर्यंत पोहोचण्यासाठी भारताला २७ जुलै ते ८ ऑगस्ट २०२४ या तेरा दिवसांत आठ सामने खेळावे लागले. त्यांत अर्जेंटिना आणि आयर्लंडविरुद्धचे सामने लागोपाठच्या दिवशी होते, बेल्जियम आणि ऑस्ट्रेलियाविरुद्धचेही लागोपाठच. म्हणजे जिथे सामने अधिक आणि विश्रांती कमी, तिथेच माणसे कमी! आजच्या हॉकीत खेळाडूंची अदलाबदल अमर्याद असते आणि आघाडीचा खेळाडू काही मिनिटे जीव तोडून धावून बाकावर येतो व दम घेऊन पुन्हा आत जातो, हे लक्षात घेतले तर बाकावरील दोन जादा माणसांचे मोल चटकन कळते.

इतर सांघिक खेळांशीही तुलना करून पाहावी. ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉलचे पाच जण मैदानात उतरतात आणि संघात बारा असतात. व्हॉलीबॉलमध्ये सहांसाठी बारा, हँडबॉलमध्ये सातांसाठी चौदा. फुटबॉलमध्ये अकरांसाठी निदान अठरा असतात, आणि तिथे तर एकदा बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकत नाही. अकरा खेळाडू मैदानात आणि बाकावर फक्त पाच, ही वेळ हॉकीवरच येते.

या नियमाची सर्वांत बोलकी परीक्षा टोकियोत झाली, तीही अपघाताने. कोरोनाच्या साथीमुळे संयोजकांनी त्या स्पर्धेपुरती सवलत दिली आणि राखीव खेळाडूंना संघात सामावून घेऊन प्रत्येक सामन्यासाठी अठरांतून सोळा निवडण्याची मुभा संघांना मिळाली. भारताच्या मूळ सोळांत सिमरनजितसिंग आणि वरुणकुमार ही दोन नावे नव्हती. अर्जेंटिनाविरुद्ध भारताने ३-१ असा विजय मिळवला, त्यातील पहिला गोल वरुणकुमारचा. ५ ऑगस्ट २०२१ रोजी जर्मनीविरुद्धच्या कांस्यपदकाच्या लढतीत भारत एकदा ०-१ आणि नंतर १-३ असा मागे होता. तो सामना आपण ५-४ असा जिंकला आणि त्या पाचांपैकी दोन गोल सिमरनजितचे होते, एक पहिल्या बरोबरीचा आणि एक शेवटचा. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकनंतर एकेचाळीस वर्षांनी मिळालेले ते पदक. साथ आली नसती, तर नेहमीच्या नियमाप्रमाणे कोणी जायबंदी झाल्याशिवाय हा खेळाडू त्या सामन्यात स्टिक हातात घेऊन उतरूच शकला नसता.

पॅरिसला मात्र पुन्हा जुनाच नियम लागू झाला. रविवार, ४ ऑगस्ट २०२४ च्या दुपारी ग्रेट ब्रिटनविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना ज्यांनी पाहिला, त्यांना अमित रोहिदासला सतराव्या मिनिटाला दाखवलेले लाल कार्ड आठवत असेल. उरलेली चाळीसहून अधिक मिनिटे दहा जणांनी खेळून १-१ अशी बरोबरी राखणे आणि नंतर शूटआउट ४-२ असे जिंकणे हा पराक्रमच होता, आणि त्याचे कौतुक सर्वांनी मनापासून केले. परंतु रोहिदासवर एका सामन्याची बंदी आल्याने जर्मनीविरुद्धच्या उपांत्य फेरीत भारताला पंधरा खेळाडूंनिशी उतरावे लागले. रोहिदास हा पेनल्टी कॉर्नरच्या वेळी गोलरेषेवरून सर्वांत आधी धाव घेऊन चेंडू अंगावर झेलणारा बचावपटू. त्याच्या जागी दुसरा माणूस संघात घेता आला नाही, कारण राखीव खेळाडू दुखापत किंवा आजारपणाच्या कारणानेच आत येऊ शकतो. जर्मनीने चोपन्नाव्या मिनिटाला गोल करून तो सामना ३-२ असा घेतला. अठरांचा संघ असता तरी बंदी भोगावीच लागली असती, आणि ती भोगावी यात वाद नाही. पण मग हाताशी सतरा खेळाडू राहिले असते. एवढ्याने निकाल बदलला असता असा माझा दावा नाही. मात्र एका खेळाडूच्या चुकीची शिक्षा सोळांच्या संघाला अधिक जड जाते, हे उघड आहे.

त्या वेळी पॅरिसमध्ये भारताचे तीन राखीव खेळाडू होते. नीलकांत शर्मा, जुगराजसिंग आणि गोलरक्षक कृष्णबहादूर पाठक. जुगराज हा बचावपटू आणि ड्रॅगफ्लिकचा, म्हणजे पेनल्टी कॉर्नरवर चेंडू स्टिकने ओढून गोलात भिरकावण्याच्या फटक्याचा, जाणकार. त्यानंतर सहा आठवडेही झाले नव्हते, तेव्हा १७ सप्टेंबर रोजी चीनमधील हुलुनबुइर येथे आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात यजमानांविरुद्ध जो एकमेव गोल झाला, तो जुगराजने केला. पॅरिसचे पदक मात्र सोळांच्याच गळ्यात पडले. सरावाला बरोबरीने घाम गाळणाऱ्या आणि सामन्याच्या वेळी प्रेक्षकांत बसणाऱ्या या मंडळींची गणना नेमकी कशात करायची, हे मला आजवर समजलेले नाही.

गोलरक्षकाचा प्रश्न याहूनही अवघड आहे. सोळांत दोन गोलरक्षक नेले तर मैदानी खेळाडू चौदाच उरतात, म्हणून टोकियोला आणि पॅरिसला भारताने सोळांच्या यादीत एकट्या श्रीजेशवर भिस्त ठेवली. सामना चालू असताना गोलरक्षक जायबंदी झाला आणि बाकावर दुसरा नसेल, तर आजच्या नियमांप्रमाणे संघाला अकराही मैदानी खेळाडूंनिशी खेळावे लागते, कारण एखाद्या मैदानी खेळाडूला वेगळा सदरा चढवून गोलरक्षकाचे अधिकार देण्याची सोय २०१९ पासून बंद झाली आहे. श्रीजेशने दोन्ही वेळा ही जोखीम निभावून नेली हे आपले भाग्य. पण पाठकसारखा गुणी गोलरक्षक त्यामुळे दोन ऑलिम्पिक बाहेर बसून राहिला, आणि हुलुनबुइरला पाठकच्या जोडीने संघात असलेल्या मुंबईच्या सूरज करकेरासारख्यांना तर ऑलिम्पिकचे दार आणखीच दूर. रिओच्या २०१६ च्या संघात मुंबईचा देविंदर वाल्मिकी होता. टोकियो आणि पॅरिसच्या सोळांत महाराष्ट्राचा एकही खेळाडू नव्हता. धनराज पिल्ले यांच्यासारखा चार ऑलिम्पिक खेळलेला खेळाडू देणाऱ्या खडकीत राहणाऱ्याला हे खुपते. अर्थात दोन जागा वाढल्या की त्या आपल्यालाच मिळतील असे नाही, आणि त्यासाठी मी हे लिहीतही नाही.

यावर ठरलेले उत्तर असे, की ऑलिम्पिकमधील खेळाडूंची एकूण संख्या सुमारे साडेदहा हजारांवर रोखलेली आहे आणि प्रत्येक खेळाला आपल्या वाट्यातच भागवावे लागते. हे कारण खोटे नाही. परंतु हिशेब मांडला तर पुरुषांचे बारा आणि महिलांचे बारा अशा चोवीस संघांना प्रत्येकी दोन खेळाडू वाढवून दिल्यास आकडा अठ्ठेचाळीस होतो. तेवढेही शक्य नसेल, तर अठरांतून सोळा निवडण्याची टोकियोची पद्धत तरी कायम करावी. ती एकदा राबवून झाली आहे आणि तिने स्पर्धेचे काही बिघडले नाही.

अठरा झाले म्हणजे सारे प्रश्न सुटतील, असेही नाही. २०२३ च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध हार्दिकसिंगच्या मांडीचा स्नायू दुखावला, त्याच्या जागी राजकुमार पाल आला, आणि न्यूझीलंडविरुद्धचा सामना ३-३ अशा बरोबरीनंतर आपण शूटआउटमध्ये गमावलाच. हार्दिकसारखा मध्यरक्षक गेल्यावर यादीतील नावांची संख्या फारशी कामाला येत नाही. १९३६ साली बर्लिनमध्ये सराव सामना जर्मनीकडून हरल्यावर ध्यानचंद यांच्या संघासाठी दारा या खेळाडूला भारतातून विमानाने बोलावून घेतले होते आणि ते उपांत्य सामन्यापूर्वी पोहोचले. नव्वद वर्षांपूर्वी एवढी लवचीकता होती, आणि आज त्याच गावात मुक्कामाला असलेल्या खेळाडूला दुखापतीच्या दाखल्याशिवाय आत घेता येत नाही.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. पुढच्या वेळी संघ जाहीर होईल तेव्हा राखीव खेळाडूंची नावे तळाशी बारीक अक्षरांत न छापता, त्यांची मैदानावरील जागा कोणती आणि कोणत्या परिस्थितीत त्यांना उतरवता येईल, हे दोन ओळींत सांगावे. आणि हॉकी इंडियाच्या पदाधिकाऱ्यांची मुलाखत घेण्याचा योग आला, तर सोळा आणि अठराचा हा प्रश्न त्यांना अवश्य विचारावा.

आपला,
एक नियमित वाचक,
खडकी, पुणे