गुरुवारच्या सोनोग्राफीआधी

कोल्हापूर, मंगळवार

चि. सौ. राणीस अनेक उत्तम आशीर्वाद.

रात्रीच्या गाडीने सुखरूप पोहोचलो. निघताना तुझ्याशी धड बोललो नाही, ते मनाला लागून राहिले आहे. बाळाचा रक्तदाब उतरला तेव्हा ‘भराभर सलाइन द्या’ असा हट्ट मी धरला आणि तू मला गप्प केलेस. तुझेच बरोबर होते.

उभी हयात पाटबंधारे खात्यात घालवलेल्या माणसाला तरी हे कळायला हवे होते. कोरड्या पाटात एकदम पाणी सोडले तर भराव फुटतो, म्हणून आवर्तन सुरू करताना आम्ही विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवीत असू. डॉक्टरांनी सांगितले तेही तसेच आहे. २८ आठवड्यांतच जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत पोकळ्यांच्या कडेला अतिशय नाजूक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत तिथला प्रवाह मंदावतो, मग हृदय सावरले की तो वाढतो, आणि हा चढउतार पेलण्याची शक्ती त्या वाहिन्यांत अजून आलेली नसते. बहुतेक रक्तस्राव पहिल्या ७२ तासांत होतात, ते त्यामुळेच. म्हणून सलाइन सावकाश, डोके सरळ आणि हाताळणी कमीत कमी.

बाळाच्या डोक्याच्या गुरुवारच्या सोनोग्राफीविषयी लिहायचे नाही, असे ठरवले होते. परंतु टाळूवरून पाहताना डावीकडे दिसलेला तो रक्तस्राव पोकळीत उतरणार नाही ना? पहिल्या, म्हणजे सर्वांत सौम्य श्रेणीचा आहे, बहुधा आपोआप विरेल, हे मलाही सांगितले आहे. तरी पहाटे जाग येते ती त्याच विचाराने.

कळा सुरू झाल्या त्या रात्री मी ‘सकाळपर्यंत थांब’ म्हणालो आणि तू न थांबता दवाखाना गाठलास. त्यामुळेच स्टिरॉइडची इंजेक्शने वेळेत मिळाली, जी फुप्फुसांइतकीच मेंदूलाही राखतात. तुझा फार अभिमान वाटतो. आता दूध काढण्याची वेळ चुकवू नकोस, उपाशी राहू नकोस, रात्री जागू नकोस. पुन्हा उपदेश झाला, क्षमा कर.

तुझ्या जन्माच्या रात्री मी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर होतो. पाण्याने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली होती, ४३ची धोक्याची खूण जवळ येत होती आणि मी दर तासाला पट्टी वाचून कळवीत होतो. तू आल्याचा निरोप आप्पांनी भिजत आणला, तेव्हाही मला जागा सोडता आली नाही. आज तसाच फोनजवळ बसलो आहे.

आई बुधवारी निघते आहे. सोनोग्राफी झाली की, काहीही निघो, आधी मला कळव.

तुझे बाबा