आपल्या पेपरातली ‘खराब सिबिल? होम लोन मिळेल’ ही जाहिरात

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दर रविवारी आपल्या पेपरात छोट्या जाहिरातींच्या पानावर, खोली भाड्याने देणे आहे आणि जुना कूलर विकणे आहे याच्या मधात एक चौकोन असतो. ‘खराब सिबिल? सेटल्ड? होम लोन मिळेल. ७ दिवसात सिबिल क्लीन.’ खाली मोबाईल नंबर. (लोक ‘सिबिल’ म्हणतात ते म्हणजे आपण कर्ज कसं फेडलं याचा रिपोर्ट आणि त्यावरचा स्कोअर, जो पाहून बँक लोन देते.) २०२४ च्या मार्चमध्ये मी त्या नंबरवर फोन केला आणि साडेसहा हजार देऊन बसलो, म्हणून हे पत्र. नाव छापू नका, सासरची मंडळी पण तुमचाच पेपर वाचतात.

आधी माझी भानगड सांगतो. मानेवाड्याकडे माझा मंडप-डेकोरेशन आणि साउंडचा धंदा होता. २०१९ मध्ये नवीन लायटिंग आणि ट्रस घ्यायला पर्सनल लोन काढलं, आणि पुढच्या वर्षी लग्नसराईच्या तोंडावर लॉकडाऊन. अक्षय तृतीयेच्या सगळ्या तारखा कॅन्सल, लोकांनी ॲडव्हान्स परत मागितले, मी दिले पण, आपल्याच वस्तीतले लोक, नाही कसं म्हणणार. मार्च ते ऑगस्ट २०२० मोरॅटोरियम, म्हणजे हप्ते पुढे ढकलायची सवलत होती, तोवर निभावलं. नंतर हप्ते तुटले आणि फोन सुरू झाले. सकाळी दात घासत असताना फोन, रात्री जेवताना फोन, एकदा तर साळ्याच्या नंबरवर. (२०२२ च्या ऑगस्टमध्ये आरबीआयने सांगितलं की वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करायचा नाही. आमची वेळ त्याच्या आधी येऊन गेली.)

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये एक पोरगा घरी आला, चांगला बोलला, म्हणाला काकाजी २ लाख ७० हजार निघतात, तुम्ही १ लाख २० हजार भरा तीन हप्त्यात, फाईल बंद, सेटलमेंट लेटर देतो. मला तर देवच भेटल्यासारखं झालं. साउंडचे दोन टॉप विकून पैसे भरले, लेटर आलं, इंग्रजीत, एक पान. मी ते लॅमिनेट करून ठेवलं साहेब. खरंच लॅमिनेट केलं, सातवी-आठवीच्या मार्कशीटसारखं.

मधल्या काळात धंदा बंद करून मी हिंगणा एमआयडीसीत एका युनिटमध्ये स्टोअर सांभाळायला लागलो, बायको प्रायव्हेट शाळेत शिकवते, दोघांचं मिळून बरं चाललं होतं. बेसा-बेलतरोडीकडे एक टू बीएचके पाहिला, टोकन पण दिलं, आणि बँकेत गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि म्हणाल्या, ‘काका, तुमचं सेटल्ड दिसतंय.’ मी म्हटलं, ‘हौ, केलं ना सेटल, हे काय लेटर.’ आणि ते लॅमिनेट केलेलं लेटर अभिमानाने समोर ठेवलं. त्या बाईने दोन सेकंद माझ्या तोंडाकडे पाहिलं. ‘म्हणूनच होत नाही काका,’ म्हणाल्या.

हीच गोष्ट मला वाचकांना सांगायची आहे. आपल्या बोलण्यात सेटल झालं म्हणजे मिटलं, भाऊबंदकीचं भांडण सेटल होतं तसं. बँकेच्या भाषेत सेटल्ड म्हणजे या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत, आम्ही उरलेल्यावर पाणी सोडलं. पूर्ण फेडलं तर ‘क्लोज्ड’ लिहितात, अर्धवट फेडलं तर ‘सेटल्ड’. रिपोर्टमध्ये किती रक्कम राइट ऑफ झाली, म्हणजे बुडीत धरून सोडली, तेही दिसू शकतं. नवीन बँक हेच वाचते, की मागच्याला दीड लाखाला बुडवलं आणि आता आपल्याकडे २५ लाख मागायला आला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही दिलं नसतं, हे कबूल करतो. पण सही घेताना हे कोणी सांगितलं का? त्या पोराने नाही, त्या लेटरने पण मला कळेल अशा भाषेत नाही.

टोकन अडकलेलं, बिल्डर रोज फोन करतोय, अशात तुमची जाहिरात दिसली. सीताबर्डीत दुसऱ्या माळ्यावर ऑफिस, एसी, गणपतीची मोठी मूर्ती. साडेसहा हजार घेतले आणि त्या माणसाने केलं काय, तर माझा अर्ज पाच ठिकाणी टाकून दिला. पाचही ठिकाणांहून नकार, आणि प्रत्येक अर्जाची एन्क्वायरी माझ्या रिपोर्टवर चढली. कर्जासाठी थोड्या दिवसात इतक्या ठिकाणी हात पसरले की बँकांना वाटतं हा माणूस अडचणीत आहे. माझा स्कोअर ६२८ होता तो ६०१ झाला. म्हणजे पैसे देऊन खड्डा खोल करून घेतला. नंतर तो फोनच उचलेना.

७ दिवसात सिबिल कोणीच क्लीन करू शकत नाही. सिबिल म्हणजे काही सरकारी रजिस्टर नाही, अशा चार कंपन्या आहेत, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका जी माहिती पाठवतात तीच त्या दाखवतात. चुकीची नोंद दुरुस्त होते आणि तीही आपण स्वतः फुकटात करू शकतो, खरी नोंद मात्र कुठल्याही एजंटला पुसता येत नाही. या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा हा नियम २०१७ पासून आहे. आपला रिपोर्ट आपणच पाहिला तर स्कोअर कमी होत नाही, आमच्या युनिटमधले अर्धे लोक अजून या भीतीने पाहात नाहीत.

मला शहाणं केलं ते आमच्या लेआउटमधल्या एका रिटायर्ड बँकवाल्या काकाजींनी, तर्री-पोह्याच्या ठेल्यावर. त्यांनी आधी मनसोक्त शिव्या दिल्या, आणि मग म्हणाले, जुन्या बँकेत जा आणि उरलेले पैसे भर. मी म्हटलं काहून? त्यांनी तर सोडून दिले ना. ते म्हणाले, ‘त्यांनी सोडले, रिपोर्टने नाही सोडले.’

गेलो. चार चकरा मारल्या. पहिल्या दोन वेळा तर तिथल्या लोकांनाच कळेना की हा माणूस माफ झालेले पैसे भरायला काहून आला. शेवटी दीड लाख घ्यायला तयार झाले. बायकोची एक एफडी मोडली, तो विषय इथे लिहीत नाही. २०२४ च्या मे मध्ये नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काही बाकी नाही असा दाखला मिळाला. वाचकांना हात जोडून सांगणं आहे, पैसे भरायच्या आधी बँकेकडून लेखी घ्या की यानंतर खातं ‘क्लोज्ड’ म्हणून रिपोर्ट करू, नाहीतर पैसे पण जातील आणि शिक्का पण राहील.

तरी रिपोर्टमध्ये सेटल्डच दिसत होतं. मग ४ जूनला सिबिलकडे ऑनलाइन डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार टाकली. इथे एक नियम कामाचा आहे जो कुणालाच माहीत नाही. २६ एप्रिल २०२४ पासून अशी तक्रार ३० दिवसात निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात. बँकेला माहिती दुरुस्त करून पाठवायला २१ दिवस असतात, तिने उशीर केला तर ती देणार, तिने वेळेत पाठवूनही सिबिलसारखी क्रेडिट कंपनी बसून राहिली तर ती कंपनी देणार. माझं १७ जुलैला बदललं, म्हणजे १३ दिवस उशीर, १३०० रुपये. आपोआप नाही आले, दोन मेल करावे लागले, पण आले. नसते आले तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, २०२२ च्या सप्टेंबरपासून या क्रेडिट कंपन्या पण त्याच्या कक्षेत आहेत. आधी त्या कंपनीकडे लेखी तक्रार करायची, ३० दिवस थांबायचं, मग रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर टाकायची, फी वगैरे काही नाही. संविधान चौकात रिझर्व्ह बँकेची एवढी मोठी बिल्डिंग आहे, मला वाटलं तिथेच अर्ज द्यायचा, पण कागदावर तक्रार करायची असेल तर ती चंदीगडला जाते म्हणे. असो.

क्लोज्ड झालं म्हणून दुसऱ्या दिवशी लोन मिळत नाही. हप्ते चुकलेले महिने रिपोर्टमध्ये तसेच दिसत राहतात, कुठे ९० दिवस उशीर, कुठे १२०. त्याच्यावर नवीन चांगले महिने एकावर एक रचावे लागतात, दुसरा इलाज नाही. मी २५ हजाराची एफडी करून त्याच्यावर क्रेडिट कार्ड घेतलं, असं कार्ड खराब स्कोअरवाल्याला पण मिळतं कारण बँकेकडे एफडी तारण असते. त्यावर फक्त पेट्रोल आणि किराणा, महिन्याला सात हजाराच्या वर जाऊ दिलं नाही, लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवा असं काकाजींनी बजावलं होतं, आणि बिल पूर्णच्या पूर्ण ऑटोपेने. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातला थोडासाच भाग भरणं म्हणजे पुन्हा त्याच विहिरीत उडी. दुसरं कुठलंच लोन मागितलं नाही, मोबाईल पण रोख घेतला. चुलतभावाने जामीन राहा म्हटलं, त्याला नाही म्हणालो, तो अजून नीट बोलत नाही. पण त्याचे हप्ते चुकले असते तर माझा रिपोर्ट पण खराब झाला असता.

काही लोक सांगतात सात वर्षं गप्प बसा, आपोआप निघून जाते नोंद. मी पण त्याच भरवशावर होतो. पण नियम असा आहे की या कंपन्यांनी माहिती कमीत कमी सात वर्षं ठेवायची. कमीत कमी! त्याच्यानंतर पुसलीच पाहिजे असं त्यात नाही. आणि जून २०२३ च्या आरबीआयच्या चौकटीप्रमाणे सेटलमेंट केलेल्या कर्जदाराला नवीन कर्ज देण्याआधी किमान १२ महिने जाऊ द्यावे लागतात, शेतीकर्ज सोडून. तेही किमान, बँक आपल्या धोरणाने जास्त ठेवू शकते. म्हणजे आज सेटलमेंटवर सही करणाऱ्याने पुढच्या वर्षी घर घेऊ असं मनात धरू नये.

पावणेदोन वर्षांनी स्कोअर ७४१ झाला आणि लोन मंजूर झालं, २४ लाख, २० वर्षं. अर्जदार बायको, मी सहअर्जदार, तिचा रिपोर्ट स्वच्छ होता म्हणून जमलं, तरी माझा पाहिलाच. मुलाखतीत मी सगळं आपणहून सांगितलं, नो ड्यूज समोर ठेवलं, लपवलं असतं तर तिथेच फाईल परत आली असती. पहिला फ्लॅट कधीच गेला होता, टोकनमधले अर्धेच परत मिळाले. मधात एक प्लॉट पण पाहिला होता पण त्याचं आरएल, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं रिलीज लेटर नव्हतं, त्यामुळे तिथे तर चांगला सिबिलवाला पण अडकला असता, नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. रजिस्ट्री बायकोच्या नावाने केल्यामुळे स्टॅम्प ड्यूटीत एक टक्का वाचला, या सगळ्या प्रकरणातली ती एकच कमाई.

व्याज मात्र ९ टक्के लागलं. आमच्या युनिटमधल्या सुपरवायझरला त्याच महिन्यात सव्वाआठने मिळालं, त्याचा स्कोअर चांगला होता. हा पाऊण टक्का म्हणजे मला महिन्याला साधारण ११५० रुपये जास्त, २० वर्षं असंच चाललं तर पावणेतीन लाख होतात. सेटलमेंटमध्ये जे दीड लाख वाचले म्हणून मी पेढे वाटले होते, ते दीड लाख शेवटी भरलेच आणि वरून हे.

सेटलमेंट करूच नका असं माझं म्हणणं नाही. ज्याच्या घरात दवाखाना सुरू आहे, कमाई बंद आहे, त्याने करावी, जीव महत्त्वाचा, लोकांनी फोनच्या त्रासाने जीव दिलेत. पण ज्याला वर्षभरात पूर्ण फेडता येईल त्याने घाई करू नये. बँकेला हप्ता कमी करून मुदत वाढवून मागता येते, रिस्ट्रक्चर म्हणतात, तेही रिपोर्टवर दिसतं पण त्यात पैसे बुडवल्याची नोंद होत नाही. हा पर्याय मला कोणी सांगितला नाही आणि मी विचारलाही नाही, अर्धी चूक माझी. उरलेली अर्धी त्या इंग्रजी पानाची. त्याच्यावर वरतीच मोठ्या अक्षरात मराठीत एक ओळ पाहिजे होती की ‘हे खातं सेटल्ड म्हणून नोंदवलं जाईल, पुढे कर्ज मिळायला अडचण येईल.’ सिगारेटच्या पाकिटावर लिहितात, मग यावर का नाही?

आणि आपल्याला विनंती. त्या चौकोनाचे आपल्याला किती पैसे मिळतात मला माहीत नाही, पण आमच्या मानेवाड्यात निदान चार जण त्याच नंबरवर फसले आहेत, दोघांनी तर मलाच लाजत लाजत सांगितलं. जाहिरात बंद करता येत नसेल तर निदान खाली छापा की रिपोर्ट आणि त्यातली दुरुस्ती फुकटात होते. मागच्या रविवारच्या जाहिरातीचं कात्रण सोबत जोडलं आहे. नंबर बदलला आहे, आता ‘५ दिवसात’ म्हणतो.

आपला,
एक जुना वाचक, मानेवाडा, नागपूर