तलाठी हरकतीची पोच देतात, बँकेची शाखा का देत नाही? रत्नागिरीच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय जिल्हाधिकारी,
रत्नागिरी जिल्हा

विषय: क्रेडिट अहवालातील चुकीच्या थकबाकीच्या नोंदी आणि त्यावरील हरकतींची तारखेसह पोच

सविनय नमस्कार.

जमिनीच्या हक्कात बदल करायचा असेल तर आधी फेरफार धरावा लागतो. हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. कोणी हरकत घेतलीच, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे तलाठ्यांना (आता ग्राम महसूल अधिकारी) ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत लिहून घ्यावी लागते आणि हरकतदाराला तिथल्या तिथे लेखी पोच द्यावी लागते. हरकत तोंडी असली तरीही. ही व्यवस्था आपल्याच खात्याची आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

माणसाची पत, म्हणजे कर्ज फेडण्याचा लौकिक, तिचाही एक सातबारा असतो: क्रेडिट अहवाल. गावात त्याला सरसकट 'सिबिल' म्हणतात. प्रत्यक्षात हा अहवाल बनवणाऱ्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका आणि वित्त कंपन्या या चौघींनाही कर्जखात्यांची माहिती पाठवतात. १ जानेवारी २०२५ पासून ती किमान दर पंधरवड्याला जाते. या सातबाऱ्यावर खोटा बोजा चढला, तर तो उतरवण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. आपल्या जिल्ह्यात तो हक्क शाखेच्या काउंटरवर अडतो, आणि अडतो तो एका पोचपावतीपायी.

पीककर्जासाठी सिबिलची सक्ती करू नका, असे राज्य सरकारने बँकांना वारंवार बजावले आहे. ते योग्यच आहे. पण होडीचे इंजिन, काजूप्रक्रियेचा छोटा कारखाना, घराला जोडून काढलेली पर्यटकांची खोली किंवा मुलीचे शैक्षणिक कर्ज यांपैकी काहीही हवे असले, तर अहवाल पाहिल्याशिवाय फाईल पुढे सरकत नाही. तिथे चुकीचा एक शेरा पुरेसा होतो.

आता नियम पाहू. क्रेडिट माहिती कंपन्यांविषयीच्या २००५ च्या कायद्यानुसार दुरुस्तीच्या मागणीवर ३० दिवसांत कार्यवाही झाली पाहिजे. रिझर्व्ह बँकेने २६ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने त्याला भरपाईची जोड दिली आणि ती २६ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. तक्रार पहिल्यांदा दाखल झाल्यापासून ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये तक्रारदाराला मिळतात. बँकेने तक्रार कळल्यापासून २१ दिवसांत दुरुस्त माहिती पाठवली नाही, तर पैसे बँकेने द्यायचे. बँकेने वेळेत पाठवूनही क्रेडिट कंपनीने अहवाल बदलला नाही, तर कंपनीने द्यायचे. तक्रार निकाली निघाल्यावर पाच कामकाजाच्या दिवसांत ही रक्कम खात्यात जमा व्हायला हवी. मागणी फेटाळली, तर कारण कळवणेही बंधनकारक आहे.

२१ आणि ३० हे दोन्ही आकडे कुठून तरी मोजायला हवेत. ते मोजायचे तक्रारीच्या तारखेपासून. आणि शाखेत उत्तर मिळते: "ऑनलाइन करा", "हेड ऑफिसला मेल टाका", "आम्ही कळवतो, पंचेचाळीस दिवस लागतील." अर्ज ठेवून घेतला जातो. त्यावर शिक्का नाही, आवक क्रमांक नाही. दोन महिन्यांनी माणूस परत जातो तेव्हा त्याची तक्रार कधी आली होती हे सांगणारा कागद त्याच्याकडेही नसतो आणि बँकेकडेही. मग भरपाईचा नियम असून नसल्यासारखा. खरे तर परिपत्रकाने ऑनलाइन आणि कागदी, दोन्ही तक्रारी गृहीत धरल्या आहेत. कागद नाकारण्याला त्यात आधार नाही.

या चुका किनाऱ्यावरच्या तालुक्यांत का होतात, ते समजल्याशिवाय उपाय नेमका ठरणार नाही.

सर्वांत जास्त त्रास होतो तो दोन माणसांच्या नोंदी एकात मिसळण्याने. पॅन असेल तर जुळणी सहसा नीट होते. पण जुन्या सोनेतारण कर्जांत आणि पीककर्जांत पॅन घेतलेलाच नसतो. मग संगणक नाव, जन्मतारीख आणि पत्ता यांवर जुळवतो. आपल्याकडे एका वाडीत एकाच आडनावाची वीस-पंचवीस घरे असतात आणि आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत अजून आहे. शाळेत घालताना लावलेली १ जून ही जन्मतारीख तर कितीतरी जणांची. पत्ता म्हणजे मुक्काम, पोस्ट, तालुका. त्यात ना घर क्रमांक, ना रस्ता. त्यात इंग्रजीत आडनावाची तीन-तीन स्पेलिंगे. एवढ्या सामग्रीवर एकाचे थकलेले कर्ज दुसऱ्याच्या अहवालात गेले, तर नवल नाही. अशा हरकतीत 'हे खाते माझे नाही' एवढे लिहून भागत नाही. पॅन, आधारवरची जन्मतारीख आणि सही यांच्या प्रती जोडून मूळ कर्ज अर्जावरील सही व फोटो तपासण्याची मागणी करावी लागते. ती तपासणी फक्त शाखाच करू शकते, कारण अर्ज तिच्याच कपाटात असतो.

दुसरा प्रकार बंद झालेल्या खात्यांचा. कर्ज फेडले, बेबाकी दाखला मिळाला, सातबाऱ्यावरचा बोजाही उतरला; अहवालात मात्र खाते चालू आणि थकीत. याची दोन कारणे नेहमी सापडतात. एक म्हणजे फेडीच्या दिवसापर्यंतचे व्याज पूर्ण आकारले न गेल्याने राहिलेले पाच-पन्नास रुपये, ज्यांच्यावर दिवस चढत राहतात. दुसरे म्हणजे बँकांचे विलीनीकरण. सार्वजनिक बँकांचे मोठे विलीनीकरण १ एप्रिल २०२० रोजी झाले, ग्रामीण बँकांचे १ मे २०२५ रोजी. खाते नव्या बँकेत नव्या क्रमांकाने येते आणि जुने जुन्या नावाने उघडेच राहते. एकच कर्ज दोनदा दिसते, आणि जुन्या नोंदीत हप्ता भरणारा कोणीच नसल्याने ती थकतच जाते.

किसान क्रेडिट कार्डाचा घोळ वेगळा. पीककर्ज अनुत्पादक (एनपीए) ठरते ते हंगामाच्या हिशेबाने: अल्प मुदतीच्या पिकांना दोन हंगाम, दीर्घ मुदतीच्या पिकांना एक. घर किंवा गाडीच्या कर्जाचा ९० दिवसांचा नियम त्याला लागत नाही. प्रणालीत खाते चुकीच्या प्रकारात भरले असेल, तर आंब्याचे पैसे हातात येण्याआधीच ते 'सबस्टँडर्ड', म्हणजे अनुत्पादक कर्जाच्या पहिल्या वर्गात, दिसू लागते. इथे हरकत लिहिताना काळजी घ्यावी लागते. देय तारीख उलटल्यावर थकीत दिवस दिसणे चूक नाही, वर्गवारी चूक आहे. हरकत वर्गवारीवरच हवी.

आपत्तीच्या काळातल्या नोंदींचा प्रश्न आणखी वेगळा. निसर्ग चक्रीवादळ आले ३ जून २०२० ला, तौक्ते मे २०२१ मध्ये, आणि चिपळूणचा महापूर २२ जुलै २०२१ ला. कोरोनामुळे मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात ज्यांना हप्ते स्थगितीचा लाभ मिळाला, त्यांची ती स्थगिती थकबाकी म्हणून कळवायची नाही, असे रिझर्व्ह बँकेने स्पष्ट सांगितले होते. नैसर्गिक आपत्तीमुळे पुनर्गठित झालेल्या कर्जाला तसाच वेगळा शेरा आहे. अहवालाच्या तक्त्यात साधारण ३६ महिन्यांची परतफेड दिसते, म्हणून चालू खात्यांवरून ते महिने आता निघून गेले. पण खाते त्याच सुमारास बंद झाले किंवा 'राइट ऑफ' (बँकेने बुडीत धरलेले) दाखवले गेले असेल, तर तक्ता तिथेच गोठलेला असतो. माहिती किमान सात वर्षे ठेवली जाते. दुकानात पाणी शिरले त्या महिन्याचा चुकीचा शेरा आजही त्या दुकानदाराच्या मागे असू शकतो.

जामीनदारांबाबत गैरसमज फार आहे. ज्याच्यासाठी सही केली त्याने कर्ज थकवले, तर ते जामीनदाराच्या अहवालात येणारच. ती चूक नाही. कर्ज फिटल्यावर जामीनदाराकडची नोंदही बंद झाली नाही, तर मात्र ती चूक. तसेच, एकरकमी परतफेड योजनेत सूट घेऊन मिटवलेले खाते 'सेटल्ड' दिसते आणि ते नियमाप्रमाणेच आहे. सूट मिळालेली रक्कम भरून बँकेचे पत्र घेतल्याशिवाय ते 'क्लोज्ड' होत नाही. पावसाळी मासेमारी बंदीत होडीच्या कर्जाचे मासिक हप्ते थकले, तर नोंद खरीच असते. त्यावर हरकत घेऊन उपयोग नाही. तिथे हप्त्यांचे वेळापत्रकच मुळात बंदीचे महिने वगळून आखायला हवे होते, आणि तो विषय बँकेशी वेगळा बोलायचा. खऱ्या आणि चुकीच्या नोंदी एकाच अर्जात घातल्या, की खरी हरकतही फेटाळली जाते.

हरकत कशी असावी, हे शाखांना आणि अर्जदारांना सारखेच माहीत हवे. प्रत्येक कंपनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत देते. चारही काढावेत, कारण चूक कधी एकीतच असते, कधी चौघींत. अहवालावरचा क्रमांक आणि तारीख अर्जात लिहावी. मग एका खात्याला एक कागद: खाते क्रमांकाचे दिसणारे आकडे, कोणता रकाना चुकीचा, तिथे काय दिसते, काय हवे आणि पुरावा कोणता. रकाना म्हणजे थकीत रक्कम, थकीत दिवस, बंद झाल्याची तारीख, मालकीचा प्रकार किंवा शेरा. 'माझा स्कोअर वाढवा' असे कधीही लिहू नये. स्कोअर कसा काढतात याविषयीच्या तक्रारींना भरपाईचा नियम लागूच होत नाही. सोबत कर्जखात्याचा पूर्ण उतारा आणि बेबाकी दाखला. भरपाई जमा होण्यासाठी बँक खात्याचा तपशील त्याच अर्जात द्यावा. एक प्रत शाखेला, आणि त्याच दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर हरकत. कंपनी स्वतःहून आकडा बदलत नाही, ती बँकेला विचारते. म्हणून दोन्ही दारे एकदम ठोठावलेली बरी.

थकबाकीची माहिती पाठवताना बँकेने ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेल पाठवायचा, असाही नियम २०२३ पासून आहे. पण तो जातो बँकेकडे नोंदलेल्या क्रमांकावर. कर्ज वडिलांनी गावात काढलेले, क्रमांक मुंबईला असलेल्या मुलाचा दहा वर्षांपूर्वीचा, आज तो दुसऱ्याच कोणाकडे. सूचना गेली, पण पोहोचली नाही.

३० दिवसांत निकाल नाही किंवा उत्तर समाधानकारक नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते, संकेतस्थळावर किंवा टपालाने. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. क्रेडिट कंपन्या १ सप्टेंबर २०२२ पासून लोकपालाच्या कक्षेत आहेत आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका १ नोव्हेंबर २०२५ पासून. जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने ही दुसरी तारीख फार मोलाची आहे. पण लोकपालही पहिली गोष्ट तीच विचारतो: बँकेकडे तक्रार कधी केली, आणि त्याचा पुरावा काय?

आपण जिल्हा सल्लागार समितीचे अध्यक्ष आहात. दर तिमाहीला या समितीत अग्रणी बँकेचे व्यवस्थापक, रिझर्व्ह बँकेचे आणि नाबार्डचे प्रतिनिधी आणि सर्व बँकांचे जिल्हा समन्वयक आपल्यासमोर बसतात. पुढच्या बैठकीत एक ठराव करून घ्यावा, ही विनंती: क्रेडिट अहवालाविषयीचा अर्ज कोणत्याही शाखेत कागदावर स्वीकारला जाईल, आणि दुय्यम प्रतीवर तारखेचा शिक्का, आवक क्रमांक व घेणाऱ्याची सही त्याच वेळी मिळेल. यासाठी नवा कायदा लागत नाही, पैसा लागत नाही. शिक्का प्रत्येक शाखेत आहे.

त्यानंतर दर तिमाहीच्या आढाव्यात बँकनिहाय चार आकडे मागवावेत: आलेल्या हरकती, २१ दिवसांत पुढे गेलेल्या, कारण देऊन फेटाळलेल्या आणि भरपाई दिलेल्या. ज्या बँकेचा पहिला आकडा सतत शून्य असेल, तिथे हरकती येत नाहीत की घेतल्या जात नाहीत, हे अग्रणी बँकेने शाखेत जाऊन पाहावे.

अहवाल काढून वाचून दाखवण्याचे काम तालुक्यातल्या आर्थिक साक्षरता केंद्रांकडे द्यावे. शिबिरे घ्यायचीच असतील, तर गणपतीच्या दिवसांत घ्यावीत. त्या दिवसांत मुंबईकर घरी असतात. कर्जदार, जामीनदार आणि ज्याचा मोबाइल क्रमांक बँकेत नोंदलेला आहे तो, तिघेही एकाच पडवीत भेटतात. जुना क्रमांक बदलण्याचा अर्जही तेव्हाच भरून घेता येईल.

पोचपावतीचा एक पानी नमुना आम्ही मराठीत तयार करून या पत्रासोबत जोडला आहे. बैठकीच्या विषयपत्रिकेला तो तसाच लावता येईल.

आपले नम्र,
रत्नागिरी जिल्ह्यातील कर्जदारांच्या हरकती लिहून देणारे कार्यकर्ते