'जमीन खचणे' आणि घराचा विमा

मा. संपादक,

उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळली की दर्यापूर-मूर्तिजापूर पट्ट्यातल्या घरांनाही तडे जातात. मग विम्याचे कागद निघतात, कारण त्यात 'जमीन खचणे' हे शब्द असतात. दावा मात्र बहुधा नामंजूर होतो. विमा विकतानाच हे गावकऱ्यांना सांगायला हवे.

1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही एकाच मजकुराची पॉलिसी मिळते. तिच्यात आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणे अशा ठरावीक घटनांचे नुकसान भरून मिळते. वर्षानुवर्षे मुरणारी ओल, गंजलेली सळई, सुटलेला गिलावा या घटनाच नव्हेत. जमीन खचण्याच्या कलमाखालीही अपवाद आहेत : नव्या बांधकामाचे नेहमीचे तडे व खाली बसणे, भरावाची जमीन सरकणे, नदीकाठची धूप, सदोष आराखडा, काम किंवा साहित्य, आणि बांधकाम वा खोदकामामुळे झालेले नुकसान. आपल्याकडचे बहुतेक तडे यातच येतात.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. उथळ पाया तिच्याबरोबर वरखाली होतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा निघालेला तडा मे महिन्यात रुंदावतो आणि ऑगस्टमध्ये मिटतो, तो याच कारणाने. तड्यावर सिमेंटने काचपट्टी चिकटवून तारीख लिहा. काच तडकली की हालचाल चालू आहे असे समजा. विमा कंपनीने नुकसान तपासायला नेमलेला सर्व्हेअर तड्याच्या आतच पाहतो. कडा धुरकट, आत जाळे किंवा जुना रंग असेल तर तडा जुना. ताज्या तड्याच्या कडा स्वच्छ असतात.

म्हणून दरवर्षी पावसाआधी चारही भिंतींचे तारखेसह फोटो काढून ठेवा. पूर शिरला, वादळ आले किंवा जमीन एकाएकी खचली तर लगेच कंपनीला कळवा, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या आणि सर्व्हेअर येईपर्यंत पडझड हलवू नका. आपल्या महसूल मंडळातल्या त्या दिवसाच्या पावसाची नोंदही मागून घ्या. 24 तासांत 65 मिमीच्या वर पाऊस म्हणजे अतिवृष्टी. दावा नाकारला तर कलमासह लेखी कारण मागा. कंपनीकडे तक्रार करूनही 30 दिवसांत समाधान झाले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी) जाता येते. तिथे फी लागत नाही आणि 50 लाखांपर्यंतची प्रकरणे चालतात.

बाकी खर्च पायावरच करावा लागतो. जोत्याभोवती किमान तीन फूट रुंद, बाहेर उतार असलेली फरशी घाला आणि न्हाणीचे पाणी नळीने दूर न्या. भिंतीलगत मोठे झाड नको, ते उन्हाळ्यात मातीतली ओल ओढून घेते. नवीन घर बांधताना मुरूम लागेपर्यंत खोदा. माती फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर केलेला काँक्रीटचा खोल खांब) घ्या. भर मे महिन्यात तडा सिमेंटने घट्ट भरू नका. पावसात माती फुगली की भिंत शेजारी दुसरीकडे फुटते.

— एक स्थापत्य अभियंता, दर्यापूर (जि. अमरावती)