'तोफेचा बार' या चित्राची कापलेली प्रत पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग.

विषय : कॅनव्हासवरील सदोष प्रत बदलून मिळण्याबाबत.

महोदय,

मी आपल्या संकेतस्थळावरून विलेम व्हॅन डी वेल्ड (धाकटे) यांच्या 'तोफेचा बार' या सतराव्या शतकातील डच चित्राची कॅनव्हासवरील प्रत मागवली होती. 'मूळ रंगांतील संपूर्ण चित्र' हे आपले वर्णन वाचूनच मी पूर्ण रक्कम आगाऊ भरली. हाती आलेली प्रत त्या वर्णनाशी जुळत नाही.

अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधील मूळ चित्र उभे असून त्याची उंची ७८.५ सेंमी आणि रुंदी ६७ सेंमी आहे. आपली प्रत मात्र ३६ × २४ इंचांची, आडवी आहे. पूर्ण रुंदी राखून हे चित्र त्या आकारात बसवले, तर उंचीपैकी जेमतेम ४५ सेंमी उरते. म्हणजे चाळीस टक्क्यांहून अधिक चित्र आपण कापून टाकले आहे. युद्धनौकेच्या डोलकाठ्या मध्येच छाटल्या गेल्या आहेत, आणि खालच्या पाण्याचा जो थोडा भाग उरला होता, तोही कॅनव्हास चौकटीवर मुडपताना मागे गेला आहे.

मी चित्रकला शिकवते आणि ही प्रत वर्गात लावण्यासाठी घेतली होती. वारा पडला आहे हे या चित्रात सैल लोंबणारी शिडे, जहाजाजवळच रेंगाळणारा तोफेचा धूर आणि संथ पाण्यात उतरलेली प्रतिबिंबे यांवरून कळते. प्रतिबिंबेच नसतील, तर विद्यार्थ्यांना मी काय दाखवणार?

रंगांबाबतची तक्रार याहून गंभीर आहे. मूळ चित्रातील करडा, रुपेरी प्रकाश आपल्या प्रतीत भडक निळा झाला आहे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने १६७४ मध्ये या चित्रकाराच्या वडिलांना सागरी लढायांची रेखाटने करण्यासाठी आणि मुलाला ती रंगवण्यासाठी वर्षाला प्रत्येकी १०० पौंड देऊन नेमले होते. ज्याची नेमणूकच रंगांसाठी झाली, त्याचे रंग परस्पर बदलण्याचा अधिकार छपाई करणाऱ्याला नाही. संग्रहालयाने या चित्राची उत्तम प्रतिमा सर्वांसाठी विनामूल्य खुली ठेवली आहे, त्यामुळे चांगली प्रतिमा मिळाली नाही ही सबब मला मान्य नाही.

'मागणीनुसार छापलेला माल परत घेतला जात नाही', असे आपल्या प्रतिनिधींनी मला कळवले. परंतु ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार जाहीर केलेल्या वर्णनाप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, आणि तक्रारीची पोच ४८ तासांत देऊन एका महिन्यात तिचे निवारण करणे तक्रार निवारण अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे.

तरी ही प्रत स्वखर्चाने परत नेऊन मूळ प्रमाणातील, न कापलेली आणि रंग न बदललेली प्रत पाठवावी, अथवा पूर्ण रक्कम परत करावी. संकेतस्थळावरील वर्णनही तातडीने दुरुस्त करावे, कारण ते वाचून इतर ग्राहकही असेच फसतील. मुदतीत निवारण न झाल्यास मला जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.

पावती व छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपली विश्वासू,
एक ग्राहक, पुणे