फॉरमॅट मारूनही परतलेला व्हायरस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर आमच्या घरच्या लॅपटॉपला खोड लागली. क्रोम उघडलं की गूगलऐवजी भलत्याच नावाचं सर्चचं पान, आणि खाली कोपऱ्यात सारखी लाल चौकट: ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस आहेत.’ दुकानदार म्हणाला, ‘काका, फॉरमॅट मारू, नव्यासारखा होईल.’ ५०० रुपये दिले. चौथ्या दिवशी चौकट हजर. पुन्हा ५००, पुन्हा फॉरमॅट. या खेपेला आठवडाभर टिकला.

शेवटी पुण्याच्या भाच्याने व्हिडिओ कॉलवर माझ्याकडून एकेक खिडकी उघडवून घेतली. विंडोजमध्ये डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस आधीपासूनच असतो, आणि ‘यांची तपासणी करू नये’ अशी एक यादी त्याला देता येते. आमच्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह, म्हणजे विंडोज असते तीच जागा, होता! भाचा म्हणाला, ‘मामा, वॉचमन आहे, पण त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलाय.’

हे झालं ते फॉरमॅटमुळेच. दुकानदाराने क्रॅक केलेली, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेली, विंडोज प्रो टाकली होती. ती चालायला तिला अस्सल भासवणारा प्रोग्राम म्हणजेच अ‍ॅक्टिव्हेटर लागतो, आणि अ‍ॅक्टिव्हेटर चालायला डिफेंडरचे डोळे झाकावे लागतात. मग त्याच्या पाठोपाठ कोण आत शिरलं, हे पाहायला कोणी उरतच नाही. चीड येते ती पुढच्या गोष्टीची. विंडोज ८ आल्यापासून कंपनीची विंडोज असलेल्या लॅपटॉपची ‘की’, म्हणजे परवान्याचा क्रमांक, आतल्या मदरबोर्डवरच साठवलेली असते. म्हणजे आम्ही लॅपटॉपबरोबर पैसे मोजून घेतलेली अस्सल विंडोज होम पुसून चोरीची प्रो बसवली, आणि त्याची मजुरीही आम्हीच दिली.

क्रोममधल्या उपद्रवाचं कारण वेगळंच निघालं. ते एक एक्स्टेन्शन, म्हणजे क्रोमला जोडलेला छोटा प्रोग्राम, होतं. क्रोममधलं सगळं खात्यात जपून ठेवणारी ‘सिंक’ची सोय चालू असल्यामुळे ते गूगल खात्यात नोंदलेलं होतं, आणि फॉरमॅटनंतर मी लॉगिन केलं की आपलं आपण परत येत होतं. लाल चौकट म्हणजे तर व्हायरसही नव्हता. कुठल्याशा साइटला नोटिफिकेशनसाठी मीच दर फॉरमॅटनंतर पुन्हा ‘अलाउ’ दाबत होतो.

भाच्याने आधी फोनवरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदलायला लावले, सगळीकडून लॉगआउट करायला लावलं. बिघडलेल्या लॅपटॉपवर नवा पासवर्ड टाकणं म्हणजे तोही चोराच्या हाती देणं. मग शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज उतरवून ८ जीबीच्या कोऱ्या पेन ड्राइव्हवर घेतली. आमचे फोटो आणि कागदपत्रं तेवढी दुसऱ्या पेन ड्राइव्हवर काढली, डिस्कचे सगळे भाग (पार्टिशन्स) उडवले आणि विंडोज टाकली. तिने ‘की’ विचारलीसुद्धा नाही! फोटोंचा पेन ड्राइव्ह स्कॅन केल्याशिवाय उघडला नाही. बरं झालं, कारण झेरॉक्सच्या दुकानातून आलेला शॉर्टकट व्हायरस त्यात दबा धरून होता. फोल्डर लपवायचे आणि त्याच नावाचे शॉर्टकट मांडायचे, ही त्याची जुनी चाल.

दर वेळी एवढा खटाटोप लागतोच असं नाही. विंडोज अस्सल असेल तर डिफेंडरचा ‘ऑफलाइन स्कॅन’ आधी करून पाहावा. विंडोज सुरू होण्याआधीच तो तपासणी करतो, त्यामुळे चालू विंडोजच्या आडोशाला लपलेलेही सापडतात. पंधरा मिनिटांचं काम. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची साफसफाईची साधनं २०१७ पासून फुकट मिळतात. आमच्या दुकानदाराने त्यांचं नावही ऐकलेलं नव्हतं. आणि खात्यातून पैसे गेलेच, तर दुकानात न जाता आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावावा.

सगळा दोष दुकानदाराच्या माथी मारणार नाही. ‘एमएस ऑफिसही टाकून दे रे, फुकटात’ असं त्याला सांगणारा मीच होतो. पण रिपेअरच्या पावतीवर विंडोज कोणती टाकली, अस्सल की क्रॅक, आणि अँटिव्हायरस बंद केला का, एवढ्या दोन ओळी लिहिणं सक्तीचं करायला काय हरकत आहे? माझ्या दोन्ही पावत्यांवर एकच शब्द आहे: ‘सर्व्हिस’.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, कराड